जुनी छोटी मोटार : घेताना स्वस्त, सांभाळताना किती?

नवी दिल्ली : छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून उपकरासह 29 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. त्यानंतर नव्या गाड्यांच्या दालनांत उसळलेल्या गर्दीची पुष्कळ चर्चा झाली. मात्र या निर्णयाचा तितकाच दूरगामी परिणाम जुन्या गाड्यांच्या बाजारावर झाला आणि त्याविषयी फारसे बोलले गेले नाही. मारुती सुझुकीने त्या वेळी जाहीर केलेल्या किमतींनुसार ऑल्टो के-10 ची सुरुवातीची किंमत 3 लाख 69 हजार 900 रुपये, तर वॅगन-आरची 4 लाख 98 हजार 900 रुपये झाली. वॅगन-आरमधील कपात प्रकारानुसार 79 हजार 600 रुपयांपर्यंत होती. त्याच्या आदल्याच महिन्यात ज्या कुटुंबाने पाच वर्षे वापरलेली वॅगन-आर पावणेचार लाखांना घेतली असेल, त्याच्या गाडीचे बाजारमूल्य गाडी जागची न हलता खाली आले.

नवी आणि जुनी यांच्यातील अंतर कमी झाले, तरी जुन्या गाडीचे आकर्षण ओसरलेले नाही. नव्या गाडीची जाहीर किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांत फरक असतोच. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर 11 टक्के एकरकमी कर भरावा लागतो. त्यात तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा, नोंदणी आणि इतर किरकोळ खर्च मिळवला की पावणेचार लाखांची गाडी सव्वाचार लाखांच्या पुढे जाते. त्यामुळे अडीच ते तीन लाखांत मिळणारी, चार माणसे आणि सामान नीट सामावणारी जुनी हॅचबॅक आजही पहिली मोटार घेणाऱ्या कुटुंबाला परवडणारी वाटते. प्रश्न आहे तो त्या अडीच-तीन लाखांनंतरच्या खर्चाचा. पूर्वी नव्या-जुन्यातील अंतर मोठे होते आणि दुरुस्तीत तीस-चाळीस हजार गेले तरी व्यवहार फायद्याचा राहत असे. आता ती उसंत आकसली आहे. गाडीच्या यंत्रातील एखादा मोठा दोष किंवा कागदपत्रांतील एखादी त्रुटी सगळी बचत पुसून टाकू शकते.

उदाहरणासाठी वॅगन-आरच घेणे सोयीचे आहे, कारण जुन्या छोट्या गाड्यांच्या बाजारात ती सर्वत्र दिसते. डिसेंबर 1999 मध्ये भारतात आलेल्या या गाडीची एकूण विक्री मे 2023 मध्ये 30 लाखांवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले होते आणि 2024-25 या आर्थिक वर्षात सुमारे 1 लाख 98 हजार विक्रीसह ती देशातील सर्वाधिक खपाची मोटार ठरली. जुन्या बाजारात प्रामुख्याने तिच्या दोन पिढ्या आढळतात. 2010 ते 2018 या काळातील दुसऱ्या पिढीत 998 सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन आहे. जानेवारी 2019 मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत त्याच्या जोडीला 1197 सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिनही मिळू लागले. पुढे मांडलेले बहुतेक दोष ऑल्टो, सेलेरिओ, सँट्रो, आय-10, टियागो किंवा क्विड यांनाही कमी-अधिक प्रमाणात लागू पडतात. यंत्ररचना वेगळी असली तरी झिजणारे भाग तेच असतात.

वॅगन-आरच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाची ख्याती चांगली आहे आणि ती बहुतांशी रास्त आहे. त्यात टायमिंग बेल्टऐवजी चेन असल्याने ठरावीक किलोमीटरनंतर बेल्ट बदलण्याचा खर्च येत नाही. मात्र चेनला चांगल्या तेलाची गरज असते. पहिल्या मालकाने ऑइल बदलण्यात चालढकल केली असेल, तर चेनचा ताण राखणारा भाग झिजतो आणि थंड इंजिन सुरू करताना काही क्षण खळखळ ऐकू येते. म्हणूनच जुनी गाडी पाहायला जाताना ती सकाळी, विक्रेत्याने आधी चालू करून ठेवलेली नसताना पाहावी, असे अनुभवी मेकॅनिक सांगतात. गरम इंजिन बरेच आवाज लपवते. बोनेटला हात लावून इंजिन गरम आहे का, एवढे पाहिले तरी विक्रेत्याच्या हेतूचा अंदाज येतो.

तीन सिलिंडरांच्या इंजिनात कंपन मूळचेच अधिक असते. ते शोषून घेण्यासाठी इंजिनाखाली रबरी आधार असतात. गॅरेजच्या भाषेत त्यांना फाउंडेशन म्हणतात. सात-आठ वर्षांत हे रबर कडक होते, चिरते आणि गाडी सिग्नलवर उभी असताना थरथर स्टिअरिंगपर्यंत पोहोचते. हा दोष धोकादायक नाही, पण अनेक खरेदीदार त्यालाच इंजिन खराब असल्याचे लक्षण समजतात, तर काही विक्रेते इंजिनातील खरा दोष ‘फक्त फाउंडेशन गेले आहे’ असे सांगून झाकतात. इग्निशन कॉइल किंवा स्पार्क प्लग निकामी होऊन एक सिलिंडर अधूनमधून बंद पडत असेल, तरीही गाडी अशीच थरथरते. दोन्हींतील फरक चढावर कळतो. फाउंडेशन गेलेल्या गाडीचा जोर टिकून असतो. सिलिंडर चुकणारी गाडी चढावर धापा टाकते.

या गाड्यांचे आयुष्य खऱ्या अर्थाने कोण संपवत असेल, तर ते साधे पाणी. रेडिएटरमध्ये कूलंट भरायचे असते. पण पातळी कमी झाली की पेट्रोल पंपावरचे किंवा घरचे नळाचे पाणी ओतण्याची सवय देशभर आहे. त्या पाण्यातील क्षार साचतात, आतील धातूला गंज चढतो, थर्मोस्टॅट अडकतो, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या बाजू तडकतात. पुढे एखाद्या उन्हाळ्यात घाटात काटा लाल खुणेवर जातो, हेड गॅस्केट जळते आणि एवढ्या वर्षांत न केलेला खर्च एकदम समोर येतो. अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकले असेल तर काम आणखी वाढते. उलट परीक्षा अगदी सोपी आहे. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीतील द्रव पाहावा. तो स्वच्छ हिरवा, निळा वा गुलाबी असेल तर ठीक. तांबूस, गढूळ पाणी दिसले किंवा त्यावर तेलाचा तवंग आढळला, तर त्या गाडीची किंमत विचारण्याचीही गरज नाही.

सस्पेन्शनचा खर्च त्यामानाने कमी असला तरी तो बहुधा टळत नाही. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि त्यावरचे माउंट हे भाग भारतीय रस्त्यांवर साठ-सत्तर हजार किलोमीटरपर्यंत तग धरतात, कधी त्याआधीच हात टेकतात. गतिरोधकावरून जाताना पुढून येणारी टकटक, सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढणारे स्टिअरिंग आणि टायरची आतली कड अधिक झिजणे ही त्याची चिन्हे. टायरच्या बाजूवरील चार अंकी खूण तर प्रत्येक खरेदीदाराने वाचायलाच हवी. ‘3719’ म्हणजे 2019 सालचा 37 वा आठवडा. नक्षी खोल दिसत असली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक झालेले असते आणि पावसाळ्यात ब्रेक लावताना ते घात करते. चारही टायरांवरील आठवडा-वर्ष गाडीच्या उत्पादनकाळाशी जुळत असेल आणि मीटर मात्र तीस हजार किलोमीटर दाखवत असेल, तर तो आकडा खरा असू शकतो. पण त्याच मीटरसोबत ब्रेक-क्लचच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झालेले आणि स्टिअरिंगचा पृष्ठभाग चकाकणारा दिसला, तर मीटरपेक्षा पॅडलवर विश्वास ठेवावा. डिजिटल मीटरमधील आकडा मागे नेणे आज अवघड राहिलेले नाही. अधिकृत सेवा केंद्रातील सर्व्हिसिंगच्या नोंदी हा त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. नोंदणी क्रमांकावरून किंवा चासी क्रमांकावरून त्या मागता येतात आणि त्या दाखवण्यास विक्रेता कां-कूं करत असेल, तर तेही एक उत्तरच आहे.

वातानुकूलन यंत्रणेतील गळती हे जुन्या छोट्या गाड्यांचे आणखी एक दुखणे. गॅस भरून दिला की पाहणीच्या दिवशी थंडगार हवा येते आणि महिना-दीड महिन्यात ती पुन्हा कोमट होते. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असल्याने ती बदलायची तर अर्धा डॅशबोर्ड सोडवावा लागतो. सुट्या भागाइतकाच मजुरीचा खर्च येतो. पाहणीत दहा मिनिटांऐवजी अर्धा तास गाडी उन्हात उभी करून एसी चालू ठेवावा, म्हणजे यंत्रणेचा खरा दम कळतो.

क्लचच्या बाबतीत शहर आणि महामार्ग यांचा फरक मोठा असतो. मुंबई, बंगळूर किंवा दिल्लीच्या कोंडीत पन्नास हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची क्लच प्लेट नागपूर-अमरावती रस्त्यावर लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीपेक्षा अधिक झिजलेली असू शकते. क्लच फार वर पकडत असेल आणि चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी वेग घेत नसेल, तर तो बदलण्याची वेळ आलेली असते. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत हा खर्च साधारण सहा ते नऊ हजारांत बसतो.

याच मुद्द्यावर स्वयंचलित गिअरची जुनी गाडी घेणाऱ्याने थबकायला हवे. 2014 च्या फेब्रुवारीत सेलेरिओबरोबर भारतात आलेली आणि 2015 च्या अखेरीस वॅगन-आरमध्ये मिळू लागलेली एएमटी प्रणाली पूर्णपणे वेगळा गिअरबॉक्स नव्हे. आत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच असतो. पाय आणि हात यांचे काम तेवढे विद्युत-द्रवचलित यंत्रणा करते. त्यामुळे क्लच झिजतोच, शिवाय तो चालवणाऱ्या अ‍ॅक्चुएटरमध्ये गळती किंवा बिघाड होण्याची शक्यता वाढते. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवण्याची सवय असलेल्या चालकाच्या हातून अशी गाडी आली, तर नव्या मालकाच्या नशिबी पाच आकडी बिल येऊ शकते. सगळीकडच्या गॅरेजमध्ये ही दुरुस्ती होत नाही, ही तालुक्याच्या गावांतील खरेदीदारांसाठी वेगळी अडचण.

सीएनजीवरील गाड्यांचा हिशेब निराळा मांडावा लागतो. कारखान्यातून बसवलेल्या संचाची गाडी आणि बाहेरून संच बसवलेली गाडी यांच्या किमतीत फरक असतो, तो अकारण नाही. बाहेरून बसवलेल्या संचाची नोंद आरसीवर आणि विमा पॉलिसीवर असणे आवश्यक आहे. ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते. सिलिंडरची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे आणि तिची तारीख सिलिंडरवर तसेच सोबतच्या पट्टीवर असते. मुदत उलटलेला सिलिंडर असलेल्या गाडीला अनेक पंपांवर गॅस नाकारला जातो. सीएनजी कोरडे इंधन असल्याने व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठकीची झीज अधिक होते, तसेच स्पार्क प्लग लवकर बदलावे लागतात. यासाठी तयार न केलेल्या इंजिनात ही झीज दोन-तीन वर्षांत जाणवू लागते.

पत्र्याला लागलेली कीड मात्र भूगोलावर अवलंबून असते. कोकण, गोवा, मुंबई, चेन्नई, विशाखापट्टणम अशा खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि डिकीतील स्टेपनीखालची जागा आधी गंजते. वरून केलेले चकचकीत रंगकाम पाहून फसणारा खरेदीदार गाडीखाली वाकून पाहत नाही. पुरात बुडालेल्या गाड्यांचा धोका त्याहून मोठा आहे. जुलै 2005 मधील मुंबईचा पूर आणि डिसेंबर 2015 मधील चेन्नईचा पूर यांनंतर हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विकल्या जातात, आणि इंजिन नीट चालत असतानाही त्यांतील विजेच्या जोडण्या पुढची दोन-तीन वर्षे एकामागून एक गंजत राहतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहिला, तर गुंडाळलेल्या भागावरील चिखलाचा डाग बहुधा धुतलेला नसतो.

एवढे सगळे तपासून घेतलेली गाडीही पहिल्या वर्षी खर्च मागतेच. 2016 सालची, सत्तर हजार किलोमीटर चाललेली पेट्रोल वॅगन-आर पावणेतीन लाखांना घेतली असे गृहीत धरू. चार टायरांना पंधरा हजार, बॅटरीला साडेचार हजार, क्लचला आठ हजार, सस्पेन्शनच्या कामाला आठ हजार, सर्व तेले-फिल्टर बदलून संपूर्ण सर्व्हिसिंगला पाच हजार आणि एसीच्या दुरुस्तीला दहा हजार धरले, तर रक्कम साडेपन्नास हजारांवर जाते; म्हणजे खरेदी किमतीच्या सुमारे 18 टक्के. शहर आणि गॅरेज बदलले की हे आकडे बदलतील आणि सगळी कामे एकाच गाडीला लागतील असेही नाही. पण यांतील कोणती कामे झालेली आहेत आणि कोणती शिल्लक आहेत, हे किमतीची घासाघीस सुरू होण्यापूर्वी ठाऊक असले, तर वीस-तीस हजार कमी करून मागण्याला आधार मिळतो. देशातील बहुतांश खरेदीदार घासाघीस आधी करतात आणि मेकॅनिक नंतर शोधतात.

इंधनाच्या खर्चात अलीकडे एक नवा घटक आला आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता देशभर मिळते, तर त्यासाठी अनुरूप घटक असलेल्या गाड्या एप्रिल 2023 पासून बाजारात येऊ लागल्या. जुन्या बाजारातील बहुतेक छोट्या गाड्या त्याआधीच्या आहेत. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, 10 टक्के मिश्रणासाठी रचलेल्या आणि 20 टक्क्यांसाठी जुळवणी केलेल्या चारचाकींमध्ये इंधनक्षमतेतील घट एक ते दोन टक्के, तर इतर गाड्यांमध्ये ती तीन ते सहा टक्के आहे. काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरच्या वापरानंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील आणि तो खर्च अल्प असेल, असेही मंत्रालयाने म्हटले होते. वर्षाला दहा हजार किलोमीटर, लिटरमागे सोळा किलोमीटर आणि शंभर रुपये लिटर असा सरळ हिशेब धरला, तर वार्षिक इंधनखर्च साडेबासष्ट हजार होतो. त्यात चार टक्क्यांची घट म्हणजे वर्षाला अडीच हजारांचा बोजा. रक्कम मोठी नाही. पण जुन्या गाडीच्या मालकाला मिश्रणाविना पेट्रोल घेण्याचा स्वस्त पर्याय पंपावर उपलब्ध नाही, हा या वादाचा खरा गाभा आहे. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत इथेनॉल ओलावा शोषून घेते, त्यामुळे ‘फक्त रविवारी काढतो’ असे अभिमानाने सांगितल्या जाणाऱ्या गाडीची इंधन टाकी आणि पंप अधिक बारकाईने पाहावेत.

पंपाचा विषय निघाला की गाड्या परत मागवण्याच्या मोहिमांकडे वळावे लागते. 15 नोव्हेंबर 2018 ते 15 ऑक्टोबर 2019 या काळात तयार झालेल्या एक लिटर इंजिनाच्या 56 हजार 663 वॅगन-आर गाड्या इंधन पंपातील संभाव्य दोषामुळे जुलै 2020 मध्ये तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या. ऑक्टोबर 2022 मध्ये वॅगन-आर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून 9 हजार 925 गाड्यांच्या मागील ब्रेकच्या एका पिनसाठी अशीच मोहीम राबवली गेली. सदोष भाग कंपनी विनामूल्य बदलून देते. अडचण अशी की सूचना जाते ती नोंदीतील मालकाला. गाडी दरम्यान दोन हातांतून गेली असेल आणि पत्ता वा भ्रमणध्वनी क्रमांक बदलला असेल, तर सध्याच्या मालकाला त्याचा पत्ताच नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकून ही माहिती मिळते. पाच मिनिटांचे हे काम जुन्या गाड्यांच्या व्यवहारात क्वचितच केले जाते.

मालकीच्या नोंदीबाबतची ढिलाई याहून महागात पडते, आणि तिचा फटका विकणाऱ्यालाही बसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार, त्याच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात नमुना 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या घेऊन ठेवायच्या आणि पुढचा ग्राहक मिळेपर्यंत गाडी फिरवत राहायची, ही मध्यस्थांची जुनी रीत. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट केले की, गाडी प्रत्यक्षात कितीही जणांच्या हातांतून गेली असली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. विकून विसरलेल्या गाडीसाठी लाखो रुपयांच्या भरपाईची नोटीस दारात येण्याची शक्यता त्यामुळे खरी आहे. केंद्राने 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी अधिकृत नोंदणीची व्यवस्था लागू केली. गाडी अशा व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन सूचना दिली की मधल्या काळातील जबाबदारी त्याच्याकडे जाते. गाडी विकणाऱ्याने आपला व्यापारी या व्यवस्थेत नोंदलेला आहे का, हे पाहणे म्हणूनच त्याच्या हिताचे आहे.

विम्याचे गणित इंजिनाच्या आकाराशी जोडलेले आहे. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार एक हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता 2 हजार 94 रुपये, तर त्यापुढे दीड हजार सीसीपर्यंत 3 हजार 416 रुपये असून त्यावर 18 टक्के कर वेगळा. 998 सीसीची आणि 1197 सीसीची वॅगन-आर बाहेरून सारखीच दिसते. पण दरवर्षी हा फरक पडतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत गाडीबरोबर येत नाही, ती जुन्या मालकाकडेच राहते. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी खरेदीदाराला 14 दिवस मिळतात. ते उलटले आणि गाडी ठोकली गेली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा बहुधा फेटाळला जातो. पाच वर्षांवरील गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्यात ठरते, आणि दाव्याच्या वेळी प्लॅस्टिक, रबर, टायर व बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून वजा होते. बंपर तुटला तर अर्धे पैसे खिशातून जातात.

जुन्या गाड्यांवरील करासंबंधी डिसेंबर 2024 मध्ये मोठा गैरसमज पसरला होता. वस्तू व सेवा कर परिषदेने जैसलमेरच्या बैठकीत छोट्या जुन्या गाड्यांवरील कर 12 वरून 18 टक्के केला. मात्र तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, आणि एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला थेट विकलेल्या गाडीवर तो लागतच नाही. व्यापाऱ्याने 2 लाख 40 हजारांना घेतलेली गाडी पावणेतीन लाखांना विकली, तर 35 हजारांवरील कर 4 हजार 200 ऐवजी 6 हजार 300 रुपये होतो. ग्राहकाला खऱ्या अर्थाने जाणवतो तो व्याजदर. जुन्या गाडीसाठीचे कर्ज नव्यापेक्षा महाग असते. तीन लाखांचे पाच वर्षांचे कर्ज नऊ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे 6 हजार 230 रुपये येतो. 13 टक्क्यांनी तोच सुमारे 6 हजार 830 होतो. पाच वर्षांत हा फरक 36 हजारांच्या घरात जातो.

परराज्यातून आणलेल्या गाडीत मात्र या सगळ्याहून मोठा फरक पडू शकतो. दिल्लीत आणि राजधानी परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत. हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांना सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑक्टोबर 2018 रोजी दुजोरा दिला होता. 1 जुलै 2025 पासून अशा गाड्यांना दिल्लीत इंधन न देण्याचा प्रयत्न झाला, तो काही दिवसांतच स्थगित करावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने वयाच्या आधारावर सक्तीची कारवाई न करण्याचा अंतरिम आदेश दिला आणि डिसेंबरमध्ये तो बीएस-4 व त्यापुढील गाड्यांपुरता मर्यादित केला. या अनिश्चिततेमुळे दिल्लीतील दहा-बारा वर्षांच्या छोट्या गाड्या राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्रापर्यंत कमी किमतीत येतात. त्या घेताना जुन्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, कर्ज फिटल्याची नोंद, थकीत ई-चलने आणि नव्या राज्याचा कर हे सगळे पदरी येते. महाराष्ट्रात एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही लावावी लागते. मोटारीसाठी तिचे शुल्क करावेगळे 745 रुपये आहे. दिल्ली, मुंबई, पुण्यासह काही शहरांत बीएस-4 निकष 2010 पासून लागू झाले, पण देशभर ते एप्रिल 2017 पासून आले. म्हणून एकाच वर्षी तयार झालेल्या एकाच नावाच्या दोन गाड्यांपैकी एक बीएस-3 ची असू शकते. आरसीवरील तो एक अंक यापुढे किमतीत मोजला जाणार आहे.

आज 2016 सालची वॅगन-आर घेऊन ती पाच वर्षे वापरण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाला गाडी विकायची वेळ येईल तेव्हा 2031 उजाडलेले असेल आणि नोंदणीची पंधरा वर्षे संपत आलेली असतील. त्यानंतर ती चालवायची तर तपासणीतून योग्यता सिद्ध करून पाच वर्षांसाठी नोंदणी नव्याने करावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5 हजार रुपये झाले. वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते ऑगस्ट 2025 मध्ये 10 हजार करण्यात आले. महाराष्ट्रासारख्या राज्यांत पर्यावरण कर त्याशिवाय भरावा लागतो. 2031 मधील ग्राहक हे सगळे वजा करूनच किंमत सांगेल, आणि भंगाराचा व्यापारी त्या वेळी त्याच रांगेत उभा असेल.